बर्वेकाकांचे बावीस झेंडे

एका घरात दोन माणसं आणि वीस-बावीस झेंडे राहत असले की किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. ते धुळीसारखे आपोआप साचतात, आणि मस्कतमध्ये धुळीला कधीच तोटा नसतो. आज पुसली की उद्या पुन्हा बोटभर. बर्वेकाकांकडे मी जेमतेम आठ महिने जात होते, पण माझ्याकडे साचलेले किस्से अजून संपत नाहीत. कोणी चहाला आलं की एखादा तरी निघतोच.

आधी माणसं सांगते. २०१५ साली लग्न होऊन मी मस्कतला आले. नवऱ्याची नोकरी इथली, आमचा भाड्याचा फ्लॅट अल् घुब्राला. खालच्या मजल्यावर बर्वेकाका आणि काकू. काका तीस वर्षं इथे इंजिनिअर. काकू तीस वर्षं काकांची बायको, आणि त्यांच्या म्हणण्याप्रमाणे या दोन नोकऱ्यांत ओव्हरटाइम त्यांच्याच नोकरीला जास्त.

काकांचा छंद म्हणजे जुने अमेरिकन झेंडे. साधे नाहीत, ताऱ्यांचा आकडा विचित्र असलेले. अमेरिकेत जेवढी राज्यं तेवढे झेंड्यावर तारे. राज्य वाढलं की तारा वाढायचा. पण पूर्वी झेंडे शिवणारे लोक नवं राज्य येणार अशी नुसती कुणकुण लागली तरी तारे वाढवून मोकळे व्हायचे, आणि कधीकधी अंदाज चुकायचा. काकांना खास करून ते चुकलेले झेंडे हवे असायचे. एकोणचाळीस ताऱ्यांचा झेंडा अमेरिकेने अधिकृत कधी मानलाच नाही. का? काका सांगायचे, "एक मूल होणार म्हणून एकच झबलं शिवलं, आणि जुळी झाली." डाकोटा नावाचं एक राज्य होणार होतं, त्याची दोन झाली. आकडा गेला थेट चाळिसावर, आणि एकोणचाळीसवाले तसेच दुकानात राहिले.

मी इतिहासात एम.ए. आहे हे कळल्यावर काकांनी मला कॅटलॉग लिहायला बोलावलं. कारण साधं होतं. काका निवृत्त होणार होते. नोकरी संपली की व्हिसा संपतो, व्हिसा संपला की बिऱ्हाड संपतं. पुण्याचा फ्लॅट दोन खोल्यांचा, लेक बंगलोरला, तिला झेंडे नको होते. मत्रहला, मस्कतच्या जुन्या बंदरात, एका जुन्या व्यापाऱ्याच्या घरात छोटं खासगी म्युझियम होणार होतं. त्यांनी संग्रह घेतला तर सगळे झेंडे एकत्र राहणार. नाही घेतला तर परदेशातला एक डीलर टपून बसला होता. तो त्याला हवे ते चार-पाच उचलणार आणि बाकीचे कुठे कुठे जाणार. काकांना बाकी काही नको होतं. "एकत्र राहू देत," एवढंच म्हणायचे, जसं काही भावंडांबद्दल बोलतायत.

*

पहिल्या दिवशी काकांनी कपाट उघडलं. मला वाटलं आत काकूंच्या साड्या असतील. सुती हातमोजे देऊन त्यांनी एक झेंडा टेबलावर पसरला आणि म्हणाले, "मोज."

मी मोजले. सदतीस. पुन्हा मोजले. अडतीस. तिसऱ्यांदा मोजत असताना बाहेर बेल वाजली, मी दचकले, आणि कुठपर्यंत आले होते तेच विसरले.  एम.ए. झालेल्या मुलीला चाळिसाच्या आतले आकडे मोजता येत नाहीत असं काका आता सगळ्या बिल्डिंगला सांगणार, असं वाटायला लागलं.

काका म्हणाले, "सगळ्यांचं असंच होतं. हे तारे ओळीत नसतात ना. काही गोलात, काही मधेच." मग त्यांनी झेंड्यावर पारदर्शक प्लॅस्टिक टाकलं आणि स्वयंपाकघरातून चवळीचा डबा आणला. एकेका ताऱ्यावर एकेक दाणा ठेवायचा. सगळे तारे झाकले की दाणे उचलून वाटीत टाकायचे आणि वाटीतले मोजायचे. तीस वर्षांत शोधलेली पद्धत.

त्या दिवशी वाटीत एकोणचाळीस निघाले. मी वहीत लिहिलं. दुपारी काकूंनी जेवायला थांबवलं. ताट वाढताना म्हणाल्या, "उसळीत एकोणचाळीस राज्यं आहेत. नीट चावून खा."

*

झेंड्यांची डागडुजी करायचा रमाकांत टेलर. मूळ कुडाळचा, मत्रहच्या गल्लीत त्याचं छोटं दुकान. हात इतका बारीक की टाका शोधावा लागतो. काका त्याला एरवी कपडा देताना शंभर सूचना द्यायचे. एकदा नेमकी घाई होती, म्हणून नुसतं म्हणाले, "कडा उसवल्यात, तेवढ्या बघ."

झेंडा अडतीस ताऱ्यांचा होता. त्या काळात काही कारागीर निळ्या चौकोनात दोन कोपरे मुद्दाम रिकामे ठेवायचे. पुढे राज्यं येतील, तेव्हा तारे लावता यावेत म्हणून. जाणकार लोक त्या रिकाम्या जागेसाठीच असा झेंडा घेतात.

चार दिवसांनी रमाकांत झेंडा घेऊन आला. कडा सुंदर झाल्या होत्या. मी सवयीने चवळीचे अडतीस दाणे मोजून मांडायला घेतले आणि ते पुरेनात. वाटीत चाळीस. मी काकांकडे बघितलं. काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

रमाकांत खुशीत म्हणाला, "साहेबांनू, दोन चांदण्यो पडलल्यो, त्यो पण घातलंय."

काका खुर्चीत बसले. काकूंनी न सांगता पाण्याचा पेला आणून ठेवला. मग काकांनी त्याला सगळं समजावून सांगितलं. ती जागा रिकामीच होती, येणाऱ्या राज्यांसाठी राखून ठेवलेली होती. रमाकांतने लक्ष देऊन ऐकलं.

"मगे ती राज्यां इली?"

"आली."

"मगे माझा काय चुकला?"

काकांनी त्याच्यापुढे कात्री ठेवली. रमाकांतने तिथेच बसून ते दोन तारे उसवले, भोकंसुद्धा दिसणार नाहीत इतके हलके. पण जाताना दारात थांबून म्हणाला, "उघडो दिसता बरां." त्या दोन कोपऱ्यांबद्दल.

*

मत्रहच्या सूकमध्ये, म्हणजे जुन्या बाजारात, अबू सालेमचं जुन्या वस्तूंचं दुकान. पेटारे, कॉफीच्या सुरया, जहाजावरचे कंदील. म्हातारा फर्डी हिंदी बोलतो. आजूबाजूला पिढ्यान् पिढ्या हिंदुस्थानी व्यापारी, त्यामुळे हिंदी त्याने शिकली नाही, ती त्याला लहानपणीच चिकटली. काका दर गुरुवारी संध्याकाळी त्याच्याकडे जाऊन बसायचे. एकदा मीही गेले. एकटीला त्या गल्ल्यांमध्ये हरवायची भीती वाटते, काकांबरोबर थोडी कमी.

अबू सालेमला काकांचा छंद कळत होता, पण पटत नव्हता. त्या दिवशी त्याने विषय काढलाच.

"बर्वे भाई, आज अमरीका के झंडे में कितने तारे?"

"पचास."

"आप कितने वाला ढूंढते हो?"

"उनतालीस. बयालीस. ऐसे."

अबू सालेमने आमच्यापुढे खजुराची बशी सरकवली.

"मेरे लड़के को स्कूल में पचास में से उनतालीस आए थे," तो म्हणाला. "मैंने उसको डांटा. आपके घर होता तो आप फ्रेम करवाते."

*

एकदा अमेरिकेहून झेंड्याचं पार्सल आलं आणि ते सोडवायला जायची पाळी माझ्यावर आली, कारण काका साइटवर अडकले होते. मी रात्रभर झोपले नाही. दुसऱ्या देशात राहून तिसऱ्या देशाचा झेंडा मागवायचा, तोही फाटका, यात नक्की कुठला तरी गुन्हा असणार अशी माझी खात्री झाली होती. कस्टम्सच्या काउंटरवरचे ओमानी साहेब शांतपणे पाकीट उघडत होते आणि मी त्यांनी न विचारलेल्या गोष्टींची उत्तरं देत होते. माझं नाव, नवऱ्याचं नाव, बिल्डिंगचा नंबर, आईचं माहेर नाशिक.

"हे काय आहे?"

"झेंडा. जुना."

"फाटलाय."

"हो. फाटलेलाच मागवलाय."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मग झेंड्याकडे. त्यांनी तो नीट पसरला आणि बोटाने तारे मोजायला लागले. सात-सातच्या सरळ ओळी होत्या, त्यामुळे चवळी लागली नाही. शेवटच्या ओळीपर्यंत आले, थांबले, पुन्हा पहिल्यापासून मोजले.  मनात मी नवऱ्याला फोन लावून कोणत्या शब्दांत सांगायचं ते जुळवत होते.

"एकोणपन्नास," ते म्हणाले.

"हो सर."

त्यांनी झेंड्याची नीट घडी घातली, पाकिटात ठेवली, शिक्का मारला आणि अगदी आपुलकीने मला म्हणाले, "एक तारा कमी पाठवलाय. विकणाऱ्याला लिहा, ते पाठवतील. इन्शाल्ला."

*

पॅकिंगसाठी खोकी हवी होती. म्युझियमला न्यायची वेळ आली तर तयारी असावी, असं काकांचं म्हणणं. "आणि डीलर आला तर?" असं मी विचारलं नाही. अल मवालेहच्या भाजीबाजारात फळांची चांगली जाड खोकी मिळतात, म्हणून शुक्रवारी सकाळी आम्ही तिघं गेलो. सफरचंदांची दहा-बारा खोकी मिळाली. काकू आणि मी ती घरी आणून स्वच्छ पुसली, आत धुतलेली मलमल अंथरली. मी पहिला झेंडा, तोच एकोणचाळीसवाला, खोक्यात ठेवणार तोच काका ओरडले, "थांब."

माझ्या हातून झाकण पडलं.

काकांनी खोक्यावरचं नाव दाखवलं. सफरचंदं वॉशिंग्टनची होती, तसं मोठ्या अक्षरांत छापलं होतं. "वॉशिंग्टन बेचाळिसावं राज्य. हा झेंडा शिवला तेव्हा वॉशिंग्टन राज्यच झालं नव्हतं. त्याला त्या खोक्यात कसं ठेवायचं?"

मला वाटलं गंमत करतायत. नव्हते करत. प्रत्येक झेंड्याचं साल आणि राज्यांची यादी काढून, वॉशिंग्टनच्या आधीचे झेंडे बाजूला ठेवायला लावले. बाजूला ठेवलेल्यांना खोकंच उरलं नाही.

काकू गॅलरीत गेल्या आणि एक रिकामं खोकं आणून काकांसमोर आपटलं. "नाशिकची द्राक्षं," त्या म्हणाल्या. "नाशिक तेव्हाही होतं."

एकोणचाळीसवाला त्यात गेला.

*

हा किस्सा हसण्यासारखा नाही, पण सांगायला हवा. म्युझियमच्या तज्ज्ञ बाई येणार ठरलं आणि त्यांच्याकडे जांभळ्या उजेडाचा टॉर्च असतो असं कळलं. त्या उजेडात अलीकडचा धागा निळापांढरा चमकतो, जुना चमकत नाही. खोटा झेंडा लगेच कळतो. काकांनीही तसा टॉर्च मागवला. अंधार हवा म्हणून आम्ही सामानाच्या खोलीत शिरलो, दार लावलं. टॉर्च लागताच समोर काकांचा बनियन भुतासारखा पेटला आणि मी इतक्या जोरात किंचाळले की वरच्या मजल्यावरून नवऱ्याचा फोन आला. नवा कपडा चमकतो हे मला माहीत होतं. काका आत बनियन घालतात याचा मी विचार केला नव्हता.

मग एकेक झेंडा बघितला. काळा, काळा, काळा. सगळे जुने. एक सोडून. वीस ताऱ्यांचा होता, काकांनी अकरा वर्षं जपलेला. त्याचा प्रत्येक टाका नीळ दिलेल्या शर्टासारखा चमकत होता.

 काकांनी टॉर्च बंद केला, बाहेर आले, वहीत त्याच्यासमोर रेघ मारली. तेविसाचे बावीस झाले. जेवताना मी काकूंच्या टोमण्याची वाट बघत होते. अकरा वर्षांचा माल होता तो टोमण्यासाठी. काकूंनी काकांना आणखी एक पोळी वाढली आणि म्हणाल्या, "आज गरम होतंय, नाही?" तेव्हा मला कळलं की प्रकरण किती गंभीर आहे.

*

बाई रविवारी सकाळी दहाला आल्या. डॉक्टर मैमूना. मत्रहच्याच, परदेशात शिकून आलेल्या, माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठ्या. इंग्रजीत बोलायच्या, मोजकं. झेंडे उलगडायला रमाकांतला बोलावलं होतं, कारण माझ्या हातांवर कोणाचाच भरवसा नव्हता, माझाही. मी कार्डं वाचणार होते.

डायनिंग टेबलावर एकेक झेंडा आला. मी वाचायची, बाई बघायच्या, टॉर्च मारायच्या, "ओके, नेक्स्ट" म्हणायच्या. जुळ्यांची गोष्ट काकांनी स्वतः सांगितली. बाई हसल्यासुद्धा. आणि म्हणाल्या, "ओके, नेक्स्ट."

पंधराव्या झेंड्याला त्यांनी पेन खाली ठेवलं. "मिस्टर बर्वे, हे फार चांगले अमेरिकन झेंडे आहेत. पण आमचं म्युझियम मत्रहबद्दल आहे."

काका म्हणाले, "अमेरिकन जहाजं मत्रहला यायची. इथून खजूर न्यायची."

"जहाजं आली. हे झेंडे आले का?"

काका खोटं बोलू शकले असते. इथल्या एखाद्या जुन्या पेटाऱ्यातून मिळाले म्हणाले असते तर कोण तपासणार होतं? काका म्हणाले, "एकवीस टपालाने आले. लिलावातून. शेवटचा एक फक्त इथला."

मी काकूंकडे बघितलं. त्या उठून चहा टाकायला गेल्या.

उरलेले झेंडे बाईंनी सभ्यपणाने बघितले. मग शेवटचा आला. एक्केचाळीस ताऱ्यांचा, अबू सालेमकडे एका जुन्या घराच्या पेटाऱ्यात सापडलेला. एक्केचाळीस हा आकडा अमेरिकेत फक्त तीन दिवस टिकला होता. चौथ्या दिवशी राज्यं बेचाळीस झाली. त्यामुळे असा झेंडा शिवायला कोणाला फुरसतच मिळाली नाही, आणि ज्याने शिवला त्याचा झेंडा दुर्मिळ. तो अमेरिकेत शिवला गेला आणि जहाजाबरोबर इथे आला, असं काकांचं ठाम मत. मी कार्डावर तसंच लिहिलं होतं.

पडदे ओढले. बाईंनी टॉर्च लावला. धागा काळा राहिला. काकांनी सोडलेला श्वास मला ऐकू आला. रमाकांतने झेंड्याची दोरीकडची जाड पट्टी हलकेच उलटी केली, आतली घडी दिसावी म्हणून.

घडीच्या आत बोटाच्या पेराएवढा एक पिवळा ठिपका लख्ख पेटला.

"आई गं," मी म्हणाले आणि कार्डं खाली पडली.

"हे काय?" बाईंचा आवाज बदलला. "गोंद? कसलं केमिकल?"

"मी काही लावलेलं नाही," काका म्हणाले. त्यांनी टेबलाची कड धरली होती. माझ्या डोळ्यांपुढे तो अकरा वर्षांचा झेंडा आला.

पडदे उघडले. साध्या उजेडात तिथे फिकट मळकट डाग होता, मधोमध तांबूसकाळा टिपका. बाईंनी भिंग काढलं.  तेवढ्यात काकू चहाचा ट्रे घेऊन आल्या, ट्रे ठेवायला टेबलावर जागा शोधली, आणि डाग त्यांच्या नजरेला पडला.

"हळदीचं बोट आहे ते," काकू म्हणाल्या. "मधे कुंकू."

मी इंग्रजीत सांगितलं. बाईंनी मान वर केली. "हळद? आमची कुरकुम? त्या उजेडात ती चमकते खरी, पण आम्ही ती मासळीला लावतो. झेंड्याला कोण लावतं?"

"नव्या कापडाला लावतात," काकू म्हणाल्या. "घडी मोडायच्या आधी. कोपऱ्यात, दिसणार नाही असं. तू नाही का लावत, सई?"

लावते. लग्नातल्या प्रत्येक साडीला आईने लावलं होतं. आठ महिने तो झेंडा माझ्या हाताखालून गेला होता आणि वहीत मी 'गंजाचा डाग' असं लिहिलं होतं.

"अमेरिकेत?" बाईंनी विचारलं.

"अमेरिकेत कशाला कोण लावेल? शिवणाऱ्याच्या बायकोने लावलं असेल."

रमाकांत इतका वेळ पट्टीवरून बोट फिरवत होता. आता म्हणाला, "ह्यां हयसरच शिवलेला. मत्रहात. हो हात आमचो."

काका हळूच बसले. "म्हणजे हा अमेरिकन नाहीच," ते म्हणाले, आणि कार्ड परत घ्यायला माझ्याकडे हात केला.

बाईंनी टॉर्च पर्समध्ये ठेवला. सकाळपासून उभ्या होत्या, पहिल्यांदाच खुर्ची ओढून बसल्या. काकूंच्या ट्रेमधला चहा उचलला, एक घोट घेतला, आणि त्या पिवळ्या ठिपक्याकडे बघत राहिल्या.

"हा आमचा आहे," त्या म्हणाल्या. "बाकीचे एकवीस त्याच्यासोबत राहायला आले तर आमची हरकत नाही."